टिश्यू कल्चरच्या बाटलीतील जेली कधी घट्ट, कधी पातळ का? ऊस-केळीच्या रोपांमागचे रसायन समजून घ्या

गारगोटी (जि. कोल्हापूर) : वेदगंगेच्या काठाने गारगोटीकडे येताना दोन्ही बाजूंना दिसतो तो ऊस. भुदरगड तालुक्यात भात आणि ऊस ही शेतकऱ्याची मुख्य पिके. उसाचे बेणे जुने झाले, की गवताळ वाढ, मोझॅक यांसारखे रोग टिपरीबरोबरच पुढच्या हंगामात जातात. म्हणून निरोगी बेणेमळ्यासाठी टिश्यू कल्चर, म्हणजे ऊतिसंवर्धित रोपांची मागणी असते. केळीत तर ‘जी-नाइन’ म्हणजेच ग्रँड नैन वाणाची लागवड प्रामुख्याने अशाच रोपांवर होते.

ही रोपे मातीत येण्याआधी काही महिने काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत वाढलेली असतात. त्यांच्या मुळाशी माती नसते, असते जेलीसारखे पारदर्शक माध्यम. ही जेली किती घट्ट असावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ती फार पातळ झाली तर रोप काचेसारखे होऊन सडते आणि फार घट्ट झाली तर उपाशी राहते. अनेकांना वाटते की पावडर जास्त टाकली की माध्यम घट्ट होईल. प्रत्यक्षात घट्टपणा एकट्या पावडरीच्या हातात नसतो. सामू, उष्णता, क्षार, साखर आणि कोळसा यांचाही त्यात वाटा असतो. तो कसा, ते पाहू.

बाटलीत नेमके काय असते?

जगभरातील बहुतेक प्रयोगशाळा आजही एकाच पाककृतीवर काम करतात. तोशियो मुराशिगे आणि फोल्के स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये ती तंबाखूच्या ऊतींसाठी प्रसिद्ध केली. दोघांच्या आडनावांवरून तिला ‘एमएस माध्यम’ म्हणतात. एक लिटर पाण्यात सुमारे १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट, ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १७० मिलिग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट, अल्प प्रमाणात लोह, जस्त, बोरॉनसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि जीवनसत्त्वे असतात. बाटलीतील रोप सूर्यप्रकाशावर पुरेसे अन्न तयार करू शकत नाही, म्हणून लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर घालतात. फुटवे किंवा मुळे येण्यासाठी संप्रेरके असतात. आणि शेवटी हे सगळे ‘जमवण्यासाठी’ घट्टपणा आणणारा पदार्थ.

जेली हवीच कशाला?

द्रवरूप माध्यमातही ऊती वाढतात. उसाच्या फुटव्यांची संख्या वाढवण्याच्या टप्प्यात अनेक प्रयोगशाळा द्रवरूप माध्यमच वापरतात. पण द्रवात बुडालेल्या ऊतीला हवा कमी मिळते, त्यामुळे बाटल्या हलत्या ठेवाव्या लागतात किंवा ऊतीला कागदाच्या पुलासारखा आधार द्यावा लागतो. शिवाय एखादा जिवाणू शिरला तर तो क्षणात सगळ्या बाटलीत पसरतो. जेलीत रोप उभे राहते, खालून पाणी-अन्न घेते, वरून हवा घेते आणि संसर्ग झाला तर तो एका ठिकाणी डागासारखा दिसतो. विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यात, जेव्हा शेंड्याचा मिलिमीटरभर तुकडा जगवायचा असतो, तेव्हा हा आधार महत्त्वाचा ठरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात उसाच्या शेंड्यातील वाढबिंदूपासून मोझॅकमुक्त रोपे तयार करण्याचे काम झाले. वाढबिंदूच्या अगदी टोकाला विषाणू सहसा पोहोचलेला नसतो, हे त्यामागचे तत्त्व. पुढे मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसाच्या बेण्यासाठी हे तंत्र वापरले. आज मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन टप्प्यांतून बेणे शेतकऱ्यापर्यंत येते, त्या साखळीच्या सुरुवातीलाही ऊतिसंवर्धित रोप असू शकते.

अगर-अगर : स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत

सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे अगर-अगर. किराणा दुकानात तो ‘चायना ग्रास’ नावाने मिळतो आणि घरोघरी त्याची पुडिंग होते. जेलिडियम, ग्रॅसिलॅरिया यांसारख्या लाल समुद्री शेवाळांपासून तो काढतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मन्नारच्या आखातात शेवाळ गोळा करण्याचे काम प्रामुख्याने महिला करतात.

प्रयोगशाळेत तो आला तोही स्वयंपाकघरातूनच. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वॉल्थर हेस यांचे जिलेटिनवरचे जिवाणू उन्हाळ्यात वाया जात होते, कारण जिलेटिन वितळायचे. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी जेलीत वापरला जाणारा अगर-अगर सुचवला.

त्याचा मोठा गुण असा, की तो सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळतो, पण पुन्हा जमतो तो ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान. म्हणजे गरम माध्यम बाटल्यांत ओतायला वेळ मिळतो आणि एकदा जमल्यावर २५ अंशांच्या वाढकक्षात ते वितळत नाही. वनस्पतींसाठी तो साधारणपणे लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम वापरतात.

‘८ ग्रॅम’ प्रत्येक वेळी सारखे नसतात

अगर-अगर हे एकच रसायन नाही. त्यात जेल बनवणारा अ‍ॅगॅरोज आणि फारसा न जमणारा अ‍ॅगॅरोपेक्टिन असे दोन भाग असतात. शेवाळाची जात, हंगाम आणि शुद्धीकरण यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. म्हणूनच डब्यावर ‘जेल स्ट्रेंग्थ’ दिलेली असते. दीड टक्का अगर-अगरचे जेल एका चौरस सेंटीमीटरवर किती ग्रॅम वजन २० सेकंद पेलते, हा तो आकडा. ७०० आणि ११०० अशा दोन डब्यांतील आठ-आठ ग्रॅम पावडर सारखे माध्यम देणार नाही. ब्रँड किंवा बॅच बदलली की आधी थोडे माध्यम करून पाहायचे, ही सवय त्यामुळेच लागते.

बेल्जियमचे पियरे डेबर्ग यांनी १९८३ मध्ये आर्टिचोक या भाजीपिकावर केलेल्या प्रयोगांत अगर-अगरचा ब्रँड आणि प्रमाण या दोन्हींचा परिणाम दाखवला. प्रमाण वाढवल्यावर काचेसारख्या रोपांची समस्या गेली, पण नवे फुटवेही कमी झाले. घट्टपणाचे सगळे गणित या एका निष्कर्षात आहे.

पातळ आणि घट्ट : रोपाला काय फरक पडतो?

जेली म्हणजे सूक्ष्म जाळ्यात अडकलेले पाणी. जाळे जितके विरळ, तितके पाणी मोकळे. पातळ माध्यमात रोप गरजेपेक्षा जास्त पाणी घेते. पाने जाड, पारदर्शक, ठिसूळ होतात. या विकृतीला ‘हायपरहायड्रिसिटी’ म्हणतात. जुने नाव ‘व्हिट्रिफिकेशन’, म्हणजे काच होणे. अशा पानांवरचा मेणाचा थर अपुरा असतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. बाटलीत ते रोप टवटवीत भासते, पण बाहेर शेडनेटमध्ये आणल्यावर काही तासांत माना टाकते.

माध्यम फार घट्ट असेल तर उलटे होते. ऊतीचा माध्यमाशी संपर्क नीट बसत नाही, पाणी आणि संप्रेरके जाळ्यातून हळू सरकतात. फुटवे कमी येतात, मुळे वरच्या वर राहतात. रोपे मरत नाहीत, पण प्रत्येक फेरीत संख्या कमी मिळते. दर फेरीला तिप्पट होणारी रोपे दुप्पटच झाली, तर पाच फेऱ्यांनंतर एका तुकड्याची २४३ ऐवजी ३२ रोपे मिळतात. रोपांच्या किमतीचा आणि वेळेवर पुरवठ्याचा प्रश्न इथे सुरू होतो.

सामू चुकला की पावडर वाया

माध्यम जमले नाही तर पहिला संशय सामूवर घ्यावा. एमएस माध्यमाचा सामू सहसा ५.७ ते ५.८ ठेवतात. तो पाचच्या खाली गेला आणि तसेच माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये तापवले, तर आम्ल आणि उष्णता मिळून अगर-अगरच्या लांब साखळ्या तोडतात. मग कितीही वेळ थांबा, माध्यम सरबतासारखे राहते. उलट सामू सहाच्या वर गेला तर तेवढ्याच पावडरीत माध्यम जास्त कडक होते.

दुसरी अडचण म्हणजे ऑटोक्लेव्ह केल्यावर सामू आपोआप थोडा उतरतो, साधारण ०.३ ते ०.५ ने. साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतो, हे त्याचे एक कारण. त्यामुळे ५.२ वर ठेवलेले माध्यम बाहेर येईपर्यंत धोक्याच्या रेषेखाली गेलेले असते.

केळीत हा धोका जास्त. केळीचा कंद कापला की तो काळा पडतो. ते टाळण्यासाठी माध्यमात अ‍ॅस्कॉर्बिक किंवा सायट्रिक आम्ल घालतात. ते सामू ठरवल्यानंतर घातले तर माध्यम पातळ होणारच. म्हणून क्रम महत्त्वाचा : क्षार, साखर, आम्ल आणि बाकी सगळे आधी, मग पाण्याचे माप पूर्ण, मग सामू आणि सर्वांत शेवटी अगर-अगर.

कधी माध्यम सुरुवातीला नीट जमते आणि दोन-तीन आठवड्यांनी सैल होते. रोप अमोनियम शोषताना माध्यमात आम्लता सोडते, त्यामुळे सामू घसरतो. तेव्हा दोष पावडरीचा नसतो, रोपे नव्या माध्यमात हलवायला उशीर झालेला असतो.

कुकरचे गणित

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. १५ पौंड दाब, १२१ अंश तापमान, १५ ते २० मिनिटे. घरचा कुकरही जवळपास याच दाबावर शिटी देतो, त्यामुळे अगदी लहान प्रमाणावर काही जण कुकरच वापरतात. पण वेळ वाढवली तर जंतू जास्त मरतात असे नाही, जेल मात्र कमकुवत होते. ‘खात्रीसाठी’ पाऊण तास ठेवलेले किंवा दोनदा ऑटोक्लेव्ह केलेले माध्यम म्हणूनच पातळ होते. मोठ्या फ्लास्कच्या मध्यभागी उष्णता पोहोचायला जास्त वेळ लागतो. त्याऐवजी लहान बाटल्यांत वाटून तापवणे चांगले.

पावडर न विरघळताच बाटल्या भरल्या, तर पहिल्या बाटल्या पातळ आणि शेवटच्या कडक होतात. एकाच बॅचमध्ये दोन प्रकारच्या बाटल्या दिसल्या, तर कारण बहुतेक हेच असते.

जेलनला हवा कॅल्शियम

अगर-अगरला पर्याय म्हणून जेलन गम वापरतात. स्फिंगोमोनस गटातील जिवाणूंपासून मिळणारा हा पदार्थ ‘जेलराइट’, ‘फायटाजेल’ या नावांनी बाजारात आहे. तो लिटरमागे दोन ते तीन ग्रॅमच पुरतो. एक किलो अगर-अगर आठ ग्रॅमच्या हिशेबाने १२५ लिटर माध्यमाला पुरतो, तर एक किलो जेलन अडीच ग्रॅमच्या हिशेबाने ४०० लिटरला. शिवाय जेलनचे माध्यम काचेसारखे स्वच्छ असते, त्यामुळे मुळे आणि संसर्ग लगेच दिसतात.

पण त्याचे रसायन वेगळे आहे. अगर-अगरच्या साखळ्या थंड होताना आपसांत गुंफल्या जातात, त्यांना क्षारांची फारशी गरज नसते. जेलनच्या साखळ्यांवर ऋण भार असतो. त्यांना जोडायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा पूल लागतो. पूर्ण एमएस माध्यमात हे क्षार पुरेसे असतात. मुळे आणण्यासाठी मात्र अनेकदा अर्ध्या क्षमतेचे एमएस घेतात. त्यात कॅल्शियम क्लोराइड ४४० वरून २२० मिलिग्रॅमवर येते आणि तेवढाच जेलन आता सैल जमतो. उलट डिस्टिल्ड पाण्याऐवजी बोअरचे जड पाणी वापरले, तर जेलन अपेक्षेपेक्षा कडक होतो.

जेलन पटकन जमतो, म्हणून ओतायला उशीर चालत नाही. शिवाय काही पिकांत त्यावर काचेसारख्या रोपांचे प्रमाण जास्त आढळते. त्यामुळे दोन्ही मिसळून वापरणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत.

कोळसा, साखर आणि नारळपाणी

ऊतीतून निघणारी काळी द्रव्ये शोषण्यासाठी लिटरमागे एक-दोन ग्रॅम सक्रिय कोळसा घालतात. कोळशाचे बारीक कण जेलच्या जाळ्यात अडथळा आणतात, म्हणून माध्यम थोडे मऊ होते आणि पावडर किंचित वाढवावी लागते. कोळसा संप्रेरकेही शोषतो, हे विसरून चालत नाही.

साखर लिटरमागे ३० ग्रॅमच्या आसपास असेपर्यंत मोठा फरक पडत नाही. खर्च वाचवण्यासाठी प्रयोगशाळेच्या शुद्ध सुक्रोजऐवजी बाजारातील पांढरी साखर वापरता येते. कारखान्यातून निघालेली साखर पुन्हा उसाचेच रोप वाढवायला लागते, असा हा प्रवास. मात्र साखरेची प्रत बदलली की सामू पुन्हा तपासावा. ऑर्किडच्या माध्यमात नारळपाणी, केळ्याचा गर घालतात, तिथेही तोच नियम.

इसबगोल, गवार, साबुदाणा चालेल का?

अगर-अगर महाग आहे आणि त्याचा पुरवठा समुद्रावर अवलंबून आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पुरवठा थांबला, तेव्हा अनेक देशांना स्वतःची शेवाळे शोधावी लागली. २०१५ मध्ये मोरोक्कोने शेवाळकाढणीवर निर्बंध आणल्यावर जगभरात टंचाई झाली आणि घाऊक भाव भडकले.

यावर दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी इसबगोल, डिंक कतिरा आणि गवारीच्या बियांपासून मिळणारा ग्वार गम हे देशी पर्याय तपासले. या माध्यमांवर ऊती वाढतात, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवले. साबुदाण्यावरही काम झाले आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ मध्ये विकसनशील देशांसाठी कमी खर्चाच्या टिश्यू कल्चरवर अहवाल काढला, त्यातही अशा पर्यायांचा विचार आहे.

मग ते सर्रास का दिसत नाहीत? इसबगोल आणि ग्वार गम यांनी माध्यम चिकट आणि दाट होते, अगर-अगरसारखे सुबक जमत नाही. गरम असतानाही ते ओतणे कठीण जाते, गुठळ्या होतात. साबुदाण्याचे माध्यम गढूळ असते, त्यामुळे सुरुवातीचा संसर्ग दिसत नाही. एका बाटलीतील न दिसलेली बुरशी शंभर बाटल्यांचा तोटा करू शकते. म्हणून स्वस्त पदार्थ आठ ग्रॅमच्या जागी आठ ग्रॅम असा बदलता येत नाही. आधी थोड्या अगर-अगरबरोबर मिसळून, एका पिकावर, काही फेऱ्या पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

माध्यम बिघडले तर काय तपासावे?

महाविद्यालयातील प्रकल्प असो वा लहान प्रयोगशाळा, हा क्रम उपयोगी पडतो :

• सरबतासारखे पातळ : सामू पाचच्या खाली गेला होता का? ऑटोक्लेव्ह जास्त वेळ किंवा दोनदा झाला का?

• काही बाटल्या पातळ, काही कडक : पावडर पूर्ण विरघळण्याआधी ओतले का?

• जेलन सैल : माध्यम अर्ध्या क्षमतेचे होते का? कॅल्शियम क्लोराइड घालायचे राहिले का?

• गरजेपेक्षा कडक : सामू सहाच्या वर, नवा ब्रँड, जड पाणी की उकळताना पाणी आटले?

• वर पाणी सुटले : जेल आकसून पाणी बाहेर टाकते. बाटल्या हलवल्या गेल्या किंवा तापमानात मोठे चढउतार झाले का?

• आठवड्यांनी सैल : रोपे वेळेवर नव्या माध्यमात हलवली का?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला मुख्य नियम. सामू, पावडर आणि वेळ तिन्ही एकदम बदलले, तर चूक कुठे होती ते कधीच कळत नाही.

शेतकऱ्याने काय पाहावे?

शेतकऱ्याच्या हातात बाटली येत नाही, ट्रेमधील किंवा पिशवीतील रोप येते. तरी बाटलीतील दोष रोपावर दिसतात. पाने चकचकीत, अर्धपारदर्शक, दाबल्यावर तुटणारी असतील. रोपांची उंची कमालीची कमी-जास्त असेल. मुळे मोजकी आणि तपकिरी असतील, तर ती रोपे घेऊ नयेत. रोप शेडनेटमध्ये किती आठवडे ठेवून कणखर केले आहे, हे विचारावे. नुकतीच बाटलीतून काढलेली रोपे स्वस्त मिळाली तरी उघड्या शेतात टिकत नाहीत.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली आहे. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का आणि रोपांची विषाणू तपासणी झाली आहे का, हे त्यातून कळते. खरेदी करताना प्रमाणपत्र आणि बॅच क्रमांक असलेले बिल मागून घ्यावे. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर तोच आधार असतो.

लिटरमागे दोन ग्रॅम पावडर वाचवणे किंवा सामू न मोजता पुढे जाणे ही प्रयोगशाळेतली छोटी तडजोड असते. तिचा हिशेब मात्र लागण झाल्यावर, मोकळ्या पडलेल्या सरीत लागतो. तोपर्यंत शेतकऱ्याचा हंगाम निघून गेलेला असतो.